घर सांभाळणारा डॉक्टर

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस घाबरून भलतंच काही दाबायला लागला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. बरीच वर्षं हे काम करणाऱ्या त्या बाईला त्यामुळे सगळे ब्रेकबाईच म्हणायचे. तिलाही त्याचं काही वाटत नसे. तिचं डोकं बर्फासारखं थंड, अशी तिची ख्याती होती. एकदा एका रिटायर झालेल्या हेडक्लार्कने गाडी सरळ फुटपाथवर चढवली आणि वर तिलाच म्हणाला, "हा खांब काल इथे नव्हता." त्यावर ब्रेकबाई एवढंच म्हणाली, "नसेल काका. आता आहे ना, मग आपण मागे घेऊ."

अशी ही बाई. तिला राग येतो हे तिच्या घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात माणसं तरी किती, ती, नवरा आणि सासू. नवरा पाण्याचे पंप विकायचा, महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. सासू विधवा, घर तिच्या नावावर, तोंडाने फटकळ पण हाताने कामसू. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं आणि सासू दर महिन्याला, भांडी विसळता विसळता, पाठ न वळवता विचारायची, "काही?" ब्रेकबाई म्हणायची, "नाही आई." मग भांडी जरा जास्त वाजायची.

दुखणं सुरू झालं ते ओटीपोटात. ब्रेक दाबताना खाली, उजव्या बाजूला, आतून कोणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. पुढे अंगावरून पांढरं जायला लागलं, त्याला वास येऊ लागला. पाळी नसतानाही कपड्यांना डाग पडायचे. संध्याकाळी कणकण यायची. ती डॉक्टरकाकांकडे गेली.

डॉक्टरकाका म्हणजे कोपऱ्यावरचा दवाखाना. सासऱ्यांचे जुने दोस्त, सत्तरी ओलांडलेले, पण केस अजून काळे करणारे. त्या घरातला ताप, खोकला, बाळंतपण, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांनी तिची जीभ बघितली, नाडी बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. तपासायच्या टेबलावर काही तिला झोपवलं नाही.

"लघवीला जळजळतं?"

"कधी कधी."

"पाणी पीत नाहीस. दिवसभर त्या गाडीत बसायचं, खालून इंजिनची गरमी. उष्णता आहे, दुसरं काही नाही." त्यांनी चार दिवसांच्या गोळ्या आणि पाण्यात घालून प्यायच्या पुड्या दिल्या.

चार दिवस बरं वाटलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा चार दिवसांच्या गोळ्या. असं दीड वर्ष चाललं. मध्येच एकदा डॉक्टरकाकांनी सासूला रस्त्यात गाठून सांगितलं, "वहिनी, सूनबाईला ते गाडीचं काम सोडायला सांगा. हादऱ्यांनी गर्भ राहत नाही." झालं! त्या दिवसापासून सासूच्या तोंडी तोच पाढा. नवरासुद्धा म्हणाला, "काका सांगतायत तर सोड ना थोडे दिवस. तुझ्या भल्याचंच सांगतायत." हे बोलताना तो बूट पुसत होता आणि बूट चकचकीत झाल्यावरही पुसत राहिला. ब्रेकबाईने काम सोडलं नाही, पण तिच्या मनात किडा शिरलाच. शिकवून परत येताना ती खड्डे चुकवून जायची, जणू खड्ड्यांनीच तिचं वाकडं केलं होतं.

मग तो दिवस आला. एक कॉलेजची मुलगी गाडी चालवत होती, समोर टेम्पो थांबला, मुलीने किंचाळून दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. ब्रेकबाईने पाय उचलला आणि पोटात अशी कळ आली की पाय तसाच राहिला. गाडी टेम्पोच्या मागच्या फळीवर जाऊन आदळली. दिवा फुटला, माणसांना काही झालं नाही. पण ब्रेकबाई घामाने निथळत होती आणि तिला सरळ उभंच राहता येईना. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने कोपऱ्यावरच्या दवाखान्याकडे वळायच्या ऐवजी गाडी सरळ सरकारी हॉस्पिटलात नेली, कारण ते वाटेत होतं. इतक्याच कारणाने तिचा जीव वाचला म्हणायचा.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने तिच्याएवढ्याच असतील. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस पेन खोचून बांधलेले. त्यांनी पडदा ओढला, तिला टेबलावर घेतलं, काय करणार ते आधी सांगितलं आणि मग तपासलं. आतून हात लागला तेव्हा ब्रेकबाई ओरडलीच.

"किती दिवस आहे हे?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष? आणि कोणी तपासलं नाही?"

"तपासलं ना. नाडी बघितली."

 डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढून ते टोपलीत जरा जोरातच टाकले. कापसाच्या काडीने आतला स्राव घेतला, रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी करायला सांगितलं. मग स्टूल ओढून समोर बसल्या.

"हे बघा, स्पष्ट सांगते. गर्भाशयाला आणि नळ्यांना सूज आहे. हा संसर्ग बहुतेक वेळा शरीरसंबंधातून येतो. रिपोर्ट येईपर्यंत थांबत नाही मी, इंजेक्शन आजच देते, आणि दोन आठवड्यांच्या गोळ्या. एकही चुकवायची नाही."

ब्रेकबाईच्या कानशिलांपाशी तापलं. "मी तसली बाई नाही."

"तसली बाई कसली असते ते मला माहीत नाही. माझ्याकडे फक्त आजारी माणसं येतात. जंतू काही चारित्र्य विचारून आत शिरत नाही. पण तो कोणाकडून तरी येतोच. नवऱ्यालाही पाठवा. त्यांनी उपचार घेतला नाही तर तुम्ही बऱ्या होऊनही पुन्हा इथेच याल. दोघांचे उपचार पुरे होईपर्यंत जवळ यायचं नाही."

रिपोर्ट आले. परमा, म्हणजे गनोरिया होता, आणि त्याच्याबरोबर आणखी एक जंतू, ज्याचं नाव ब्रेकबाईला नीट उच्चारताही आलं नाही. एचआयव्ही नव्हता, गरमी म्हणतात तो सिफिलिसही नव्हता, मात्र काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं होतं. ती परत येताना बसमध्ये खिडकीशी बसली. वाटेत तिने नवऱ्याच्या बाजूने शंभर सबबी शोधल्या. त्यालाही माहीत नसेल. कधीतरी लग्नाआधीचं असेल. बिचारा घाबरेल. कसं सांगायचं त्याला?

नवरा घरीच होता, जेवून पेपर वाचत बसलेला. सासू शेजारी गेली होती. ब्रेकबाई त्याच्यासमोर बसली आणि तिने हळूच, त्याला धक्का बसू नये अशा बेताने, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "उद्या तुलाही तपासायला बोलावलंय."

तो म्हणाला, "मला कशाला? माझं केव्हाच बरं झालंय."

पेपराचं पान अर्धं उलटलेलं तसंच त्याच्या हातात राहिलं. तोंडातून शब्द गेला होता, तो काही परत घेता येत नव्हता.

"काय बरं झालंय?" ब्रेकबाईने विचारलं.

मग निघालं सगळं, तुकड्यातुकड्याने. फिरतीच्या एका गावात एका दुकानात हिशेब बघणारी एक बाई होती. काही महिने चाललं, मग संपलं. त्याला जळजळ सुरू झाली, पू जायला लागला, तो घाबरून डॉक्टरकाकांकडे पळाला. त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आठवड्यात तो खडखडीत बरा. दीड वर्षापूर्वी.

"आणि मी?"

"काका म्हणाले, थोडे दिवस जवळ जाऊ नकोस, मग काही होत नाही."

"त्याच्या आधी आला होतास की जवळ. मला दुखायला लागलं ते तुला दिसत होतं. रात्री गरम पाण्याची पिशवी तूच आणून द्यायचास!"

"मला वाटलं, काका बघतायत."

"काका बघतायत," ती म्हणाली. तिने ते दोन शब्द असे उच्चारले की त्याने पेपर खाली ठेवला. "त्यांना ठाऊक होतं मला काय झालंय ते?"

 मूग गिळून बसलेला तो चेहरा बघितला आणि ब्रेकबाईच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिला स्वतःचीच भीती वाटली. दीड वर्ष हा माणूस सांगत होता, काम सोड, हादऱ्यांनी होतं. बूट पुसत सांगत होता. टेबलावर पाण्याचा जग होता, तो तिने उचलला, त्याच्याकडे बघितलं, आणि मग मोरीत नेऊन ओतून टाकला. त्याच्या अंगावर पाणी वाया घालवावं एवढीही त्याची लायकी तिला वाटेना. चपला घातल्या आणि ती बाहेर पडली. दारात सासू भेटली.

"कुठे निघालीस अशी?"

"तुमच्या डॉक्टरभाऊजींकडे. तुमच्या मुलाला विचारा कशाला."

सासूने आत डोकावून मुलाचं तोंड बघितलं. नक्की काय ते तिला कळलं नाही, पण काहीतरी चव्हाट्यावर यायला निघालंय एवढं कळलं. ती तशीच सुनेच्या मागे धावली. "अगं थांब! काय असेल ते घरात बोलू. लोकांत तमाशा नको!"

संध्याकाळचा दवाखाना नुकताच उघडला होता. बाकड्यावर पाच-सहा पेशंट होते. डॉक्टरकाका दारात उभे राहून पंख्याकडे बघत होते, तो नीट फिरत नव्हता म्हणून. ब्रेकबाईला बघून हसले.

"ये गं. पुड्या संपल्या?"

"मला परमा झालाय, डॉक्टरकाका," ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. "नवऱ्याकडून आलाय. तुम्ही त्याला बरं केलंत आणि मला पाणी प्यायला सांगितलंत."

 बाकड्यावरच्या एका म्हातारबुवांनी खोकला आला होता तोही आवरला.

"आत ये. आत बोलू."

"आत नको. दीड वर्ष आतच बोललो आपण."

काकांचा चेहरा लाल झाला. तिच्याजवळ येऊन ते दबक्या आवाजात म्हणाले, "हे बघ, तुझ्या नवऱ्याने विश्वासाने मला सांगितलं होतं. पेशंटची गोष्ट डॉक्टर फोडत नसतो. तो धर्म आहे आमचा."

"आणि मी कोण होते? मी पण तुमची पेशंटच होते ना? त्याचं नाव नव्हतं घ्यायचं मला. मला औषध पाहिजे होतं. त्याला पूर्ण दिलंत, मला चार दिवसांचं. का?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग एखाद्या हट्टी पोराला समजवावं तसं म्हणाले, "पूर्ण दिलं असतं, तपासण्या लिहून दिल्या असत्या, तर तू विचारलं असतंस, कशासाठी. मग काय सांगणार होतो मी? वाटलं, थोड्या थोड्या गोळ्यांनी आपोआप निघून जाईल. तुला कळून करायचं काय होतं? रडली असतीस, माहेरी गेली असतीस, घर मोडलं असतं. ते मोडू दिलं नाही मी."

"माझ्या नळ्या सडवल्यात आणि घर मोडू दिलं नाहीत! वर माझ्या कामाला दोष दिलात. माझ्या सासूला सांगितलंत, हादऱ्यांनी मूल होत नाही म्हणून!"

आता काकांचाही तोल गेला. इतकी वर्षं गावाने त्यांना मान दिलेला. स्वतःच्या दवाखान्यात, स्वतःच्या पेशंटांसमोर कोणी असं बोलल्याची त्यांना सवय नव्हती. "तोंड सांभाळ! ही काही पहिली वेळ नाही. या घराची अब्रू मी दोन पिढ्या झाकलीय. विचार तुझ्या सासूला, कधी तिला तोशीस लागू दिली का मी? ती नाही नाचत आली असा तमाशा करायला. सुखाने संसार केला तिने!"

सासू सुनेच्या मागे पायरीवर उभी होती. सुनेचा दंड धरून तिला घरी ओढायला तिने हात पुढे केला होता, तो तसाच हवेत राहिला.

"मला काय झालं होतं, भाऊजी?" तिने विचारलं.

डॉक्टरकाकांना ती तिथे असल्याचं तेव्हा दिसलं. "वहिनी, तुम्ही कशाला या भानगडीत? जुन्या गोष्टी त्या."

"अशक्तपणा झाला होता ना मला? तुम्हीच म्हणाला होतात. अशक्तपणाची इंजेक्शनं दिली होतीत, ह्याच्या वेळी दिवस राहिले तेव्हा. कमरेत द्यायचात. बसता यायचं नाही मला."

"त्या इंजेक्शनांनीच तुमचा मुलगा जगला," काका म्हणाले. त्यांना वाटलं असावं, हे सांगितलं की बाई निवेल. "उपकार माना, वहिनी."

 "आणि त्याच्या आधीचे दोन?" सासू म्हणाली.

पंखा कटकट करत फिरत होता. काकांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. "तेव्हा मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या नंतर तुमचा नवरा माझ्याकडे आला. मग मी लगेच..."

"दुसऱ्याच्या नंतर ठाऊक झालं. मग मला नाही सांगितलंत. इतकी वर्षं नाही सांगितलंत."

 सासू पायरी उतरली. ब्रेकबाई तिच्यामागून निघाली. तिला अजून बरंच बोलायचं होतं, जीभ शिवशिवत होती, पण म्हातारीचा तोल जाईल असं तिला वाटलं.

घरी मुलगा दारातच उभा होता. सासू त्याच्या अंगावरून, भिंतीच्या अंगावरून जावं तशी गेली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. गॅस पेटवलेला नव्हता, समोर काही नव्हतं. मग ती बोलायला लागली, सुनेशी म्हणावं तर सुनेशी, नाहीतर ओट्याशी.

"पहिलं सातव्या महिन्यात गेलं. दुसरी मुलगी पुऱ्या दिवसांची होती. जराशी रडली आणि गेली. अंगाची कातडी सोलल्यासारखी होती गं तिची. माझी सासू म्हणाली, ही पांढऱ्या पायाची आहे, पोटात पोर टिकत नाही हिच्या. मी म्हटलं, असेल. मला वाटायचं, माझ्याच अंगात काहीतरी खोट आहे. आणि ह्याचा बाप? तो मुलीला पुरून आला आणि ढसाढसा रडला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मी त्याचे अश्रू पुसले." ती थांबली. मग एकदम ओट्यावर मूठ आपटली. "मी त्याला समजावलं गं! मी! म्हटलं, रडू नका, माझ्याच नशिबात नाही."

ब्रेकबाईला या बाईचा पाच वर्षं राग होता, दर महिन्याच्या त्या प्रश्नाचा. तो राग काही पळून गेला नाही. पण त्या क्षणी तिला दोघींसाठी एकदमच संताप आला. संतापाने माणूस ओरडतो असं तिला वाटायचं. तिचे नुसते दात वाजायला लागले.

"आई, तुम्हीही तपासून घ्या," ती म्हणाली.

"या वयात? लोक हसतील."

"हसू देत."

सासू आली. सरकारी हॉस्पिटलच्या त्या खोलीबाहेर तरण्या मुलामुलींच्या रांगेत बसली, पदराने चेहरा न झाकता. एका पोराने चुळबुळत विचारलं, "आजी, तुम्ही चुकून इकडे बसलात का?" म्हातारी म्हणाली, "नाही. बरोबर बसलेय. तू चुकून आलास का?" पोरगा हसला, आणि मग रांगेतल्या दोघीतिघी हसल्या.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून सांगितलं, "गरमीची जुनी खूण आहे रक्तात. कधीकाळी झाली होती. उपचार झाले असतील, पण पुरे झाले की नाही हे आज सांगता येत नाही. म्हणून आपण पुन्हा देऊ. तीन इंजेक्शनं, आठवड्याला एक. मग काळजी नाही."

पहिलं इंजेक्शन कमरेत गेलं तेव्हा म्हातारीने टेबलाची कड घट्ट धरली. नर्स म्हणाली, "दुखतं थोडं हे."

"ठाऊक आहे," सासू म्हणाली. "हेच ते. हेच दुखणं. हे विसरत नाही माणूस." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली, पालथी पडून, तोंड उशीत खुपसून. ब्रेकबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. नर्सने घाई केली नाही.

नवऱ्याने मुकाट्याने तपासणी करून घेतली. त्याच्याही अंगात जंतू सापडला, काही त्रास नसताना. एकमेकांत फिरत राहिला असणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याने उपचार सुरू केले आणि त्याला वाटलं, आता हळूहळू सगळं निवळेल. त्या दिवशी ब्रेकबाईने त्याच्यापुढे फोन ठेवला.

"तिला लाव."

"कोणाला?"

"हिशेबवालीला. तिलाही असेल, तिलाही कोणी काही सांगितलं नसेल. माझ्यासारखीच बसली असेल पाणी पीत. लाव, आणि आवाज मोठा ठेव."

त्याने नंबर लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. तो अडखळत बोलला, तपास, औषध, असं काहीतरी. ती मध्येच म्हणाली, "आता सांगतोस होय रे? मी त्याच वेळी तपासून घेतलं, गोळ्याही घेतल्या. तुला फोन मीच केला होता ना? तुला म्हटलं होतं, तुझ्या बायकोला सांग, तिलाही असणार. सांगितलंस ना तिला?"

त्याने फोनचा आवाज कमी करायला बोट पुढे केलं.

"सांगितलंस ना?" बाईने पुन्हा विचारलं.

"नाही," ब्रेकबाई म्हणाली. "सांगितलं नाही त्याने."

 मग ती बाई म्हणाली, "बाई, तुमच्यापुढे बोलायला मला तोंड नाही. पण हे मी त्याला सांगितलं होतं." आणि फोन ठेवला. ब्रेकबाईला त्या बाईचा मनापासून तिरस्कार करायचा होता. कित्येक दिवस तिने तो साठवून ठेवला होता. आता तोही धड करता येईना, आणि त्यामुळे ती आणखीच भडकली.

सासूने पुढचं केलं. मुलाची बॅग भरली, त्यात त्याच्या गोळ्यांची पाकिटं वर दिसतील अशी ठेवली आणि बॅग दारात आणली. "पंपाच्या गोडाऊनवर खोली आहे ना तुझी? तिथे राहा."

"आई, मी तुझा मुलगा आहे."

"म्हणूनच इतके दिवस ठेवलं."

दोघींनी डॉक्टरकाकांविरुद्ध तक्रार केली. डॉक्टरांच्या मंडळासमोर सुनावणी झाली. लांबलचक टेबलामागे चार पुरुष आणि एक बाई. काका नवा कोट घालून आले होते. अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात म्हटलं, "चूक झाली हे खरं. पण त्यांचा हेतू चांगला होता, हेही लक्षात घ्या. कुटुंब टिकावं एवढाच हेतू."

सासू उभी राहिली. तिला उभं राहायला कोणी सांगितलं नव्हतं. "साहेब, माझ्या पोटात हेतू नव्हता, रोग होता," ती म्हणाली. "हेतूवर औषध दिलंत तुम्ही लोकांनी. रोगावर द्यायचं होतं."

टेबलामागच्या बाईने मान खाली घातली. निकाल लागला तो असा, दवाखाना सहा महिने बंद आणि कडक समज. ब्रेकबाईला वाटलं होतं, दवाखान्याची पाटी कायमची उतरवतील. तसं काही झालं नाही. सहा महिन्यांनी दवाखाना उघडला, बाकडंही पुन्हा भरलं. लोकांना कोपऱ्यावरचा डॉक्टर सोयीचा असतो. दारावरून जाताना अजूनही तिच्या अंगाची लाही लाही होई.

पण एक बदल झाला. ज्यांना गाडी शिकायची नव्हती अशा बायकाही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालायला लागल्या. दोन-चार दिवस स्टिअरिंग धरून झालं की सिग्नलला गाडी थांबल्यावर, समोर बघत, हळू आवाजात विचारायच्या, "ती सरकारी डॉक्टरीण कुठल्या खोलीत बसते हो?" ब्रेकबाई म्हणायची, "इथून उजवीकडे वळवा, दाखवते." मालक वैतागून म्हणाला, "आपलं ड्रायव्हिंग स्कूल आहे की अँब्युलन्स?" पण त्याने तिला अडवलं नाही.

शेवटच्या तपासणीत जंतू नव्हता. रक्तही पुन्हा स्वच्छ आलं. एक नळी बंद झाली होती, दुसरी उघडी दिसत होती. "मूल होऊ शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नक्की नाही सांगता येत. तुम्हाला हवंय का?"

"हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं," ब्रेकबाई म्हणाली. "विचार करते."

त्याच आठवड्यात नवरा ड्रायव्हिंग स्कूलसमोर येऊन उभा राहिला. वाळला होता, दाढी वाढली होती. गाडीत एक नवी शिकाऊ बाई बसलेली, पहिलाच दिवस. तो खिडकीशी वाकला.

"अजून राग आहे?"

"आहे."

"किती दिवस राहणार?"

"ते रागाला विचार. तुझी शेवटची तपासणी झाली?"

"झाली. साफ आहे सगळं."

"बरं झालं. आता निदान दुसऱ्या कोणाला त्रास नाही व्हायचा."

तो कसनुसा झाला. "घरी कधी येऊ?"

"ते मी ठरवलं की तुला कळेल. बहुतेक नाहीच म्हणेन. पण अजून ठरवलं नाही, आणि तू असा खिडकीत लटकून विचारत राहिलास म्हणून लवकर ठरवणारही नाही. बाजूला हो, रस्ता अडलाय."

तो बाजूला झाला. शिकाऊ बाईने घाबरून विचारलं, "मॅडम, कोण होते ते?"

"आधी क्लच दाबा," ब्रेकबाई म्हणाली. "पूर्ण. अर्धवट नको."